बेलर घेण्याआधी मिस्त्रीला विचारा

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान विळ्याने कापला जात होता तोवर तणस हा वेगळा विषय नव्हता. भारे बांधून खळ्यावर आणायचे, पुंजणे रचायचे, आणि चुरणे झाले की तणस आपोआप घराजवळ ढिगाने पडायची. जनावरांची वर्षभराची सोय त्यातच व्हायची. हार्वेस्टर आल्यापासून धान पोत्यांत भरून थेट घरी किंवा खरेदी केंद्रावर जातो आणि तणस बांधीतच पट्ट्यांनी पडून राहते. ती हाताने गोळा करायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर मजुरी तणसीच्या किमतीला भारी पडते. मग एखाद्या संध्याकाळी कोणीतरी काडी लावतो. एक टन तणसीत साधारण साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद आणि पंचवीस किलो पालाश असते. त्यातले नत्र जवळजवळ सगळे धुरासोबत जाते. आणि ज्याने काडी लावली तोच मे महिन्यात दुसऱ्या गावाहून तणस विकत आणतो. हे बघून मला फार वाईट वाटते, आणि तणसीचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरच्या मागे मी लागलो तो त्यामुळेच.

मी लाखनीजवळचा सात एकरांचा धानकरी. गोठ्यात दुभत्या गाई आहेत, दाराशी ३५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. बांध्या लहान, प्रत्येकीला धुरा, आणि एका बांधीतून दुसरीत उतरायला जेमतेम एक वाट. बेलरची माहिती बघायला गेलो की समोर येतात ती पंजाबातली किंवा परदेशातली यंत्रे, शेकडो एकरांच्या सपाट रानात चालणारी. आपल्याला काय झेपेल, हे सांगणारा माणूस शोधायलाच बराच वेळ गेला. शेवटी तो दुकानात भेटला नाही, गावातल्या वेल्डिंगच्या टपरीवर भेटला.

पण त्याआधी थोडे यंत्रांविषयी. चौकोनी गठ्ठे करणारा बेलर आणि गोल गठ्ठे करणारा बेलर, असे ढोबळ दोन प्रकार. चौकोनी गठ्ठ्यांची रास सुरेख लागते, ट्रॉलीत माल जास्त बसतो, दूरवर विकायचा असेल तर तोच बरा. पण त्या यंत्राच्या पोटात एक जड दट्ट्या सारखा पुढेमागे आपटत असतो, त्याला सांभाळायला मोठे फ्लायव्हील लागते, आणि प्रत्येक गठ्ठ्याला दोन ठिकाणी गाठ मारायला दोन नॉटर असतात. नॉटर हे नाजूक काम. सुतळीचा ताण, चाकूची धार, गाठ मारणाऱ्या चोचीची जागा, यातले एक जरी हलले तरी गठ्ठा बाहेर येताच सुटतो. किंमतही लहान गोल बेलरच्या कितीतरी वर. गोल बेलरमध्ये गाठ हा प्रकारच नाही. दोरा रिळावर गुंडाळावा तशी सुतळी गठ्ठ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेढे घेत जाते, चाकू ती कापतो, आणि शेवटचे टोक तणसीच्या घर्षणानेच धरून राहते. जिथे नॉटर नाही तिथे नॉटरचा मिस्त्री शोधायची पाळी येत नाही. लहान शेतकऱ्याने गोल बेलर घ्यावा, हे माझे मत बनण्याचे पहिले कारण हेच.

गोल बेलरमध्येही पोटात काय फिरते यावरून फरक पडतो. काहींत रबरी पट्टे असतात, काहींत साखळ्यांना जोडलेल्या लोखंडी पट्ट्या, काहींत नुसते लोखंडी रूळ. रबरी पट्ट्यांचे यंत्र गठ्ठा लहान असल्यापासून त्याला आवळत नेते, त्यामुळे तो आतपर्यंत घट्ट होतो आणि व्यास कमीजास्त करता येतो. रुळांच्या यंत्रात पोकळी ठरलेल्या मापाची असते. तणस आत गोल फिरत राहते आणि पोकळी भरली की मगच दाब येतो. म्हणून त्या गठ्ठ्याचा गाभा थोडा सैल राहतो. कंपन्यांचे लोक हा दोष म्हणून सांगतात. धानाच्या तणसीला मला तो तितका वाटत नाही. आपल्याकडे तणस कधी कधी किंचित ओलसर असतानाच उचलावी लागते, आणि सैल गाभ्यात हवा खेळल्यामुळे ती आतून तापण्याचा धोका थोडा कमी होतो.

वेल्डिंगच्या टपरीवरच्या आमच्या मिस्त्रीने मला घट्ट-सैल यातले काहीच विचारले नाही. दोन माहितीपत्रके त्याच्या पुढ्यात ठेवली तर त्याने चित्रांकडे बघितलेही नाही. म्हणाला, "भाऊ, पट्टा तुटला तं कोठून आनसान? आन बेरिंगचा नंबर काय हाय, थो भंडाऱ्यात भेटते का नागपुरात, का कोठीच भेटत नाई, हे आधी पाहा. मंग बाकीचं."

मी ते मनावर घेतले. धान निघाल्यावर तणस उचलायला आपल्याकडे किती दिवस असतात? खरिपात हलका धान निघतो तेव्हा खालच्या बांध्यांत ओल असते, वाळायला वेळ लागतो, आणि वाळली की नांगरणीची घाई. उन्हाळी धान तर थेट अवकाळीच्या तोंडावर येतो. दुपारी आभाळ भरून आले की त्या दिवशीचे काम तिथेच थांबते. हातात मोजके दिवस असतात. त्यात यंत्र तीन दिवस उभे राहिले तर हंगाम गेलाच समजा. पलीकडच्या गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने रबरी पट्ट्यांचा बेलर घेतला होता. यंत्र उत्तम, गठ्ठे दगडासारखे. भर हंगामात पट्टा फाटला आणि विक्रेत्याने दुसऱ्या राज्यातून मागवून देतो म्हणून सांगितले. पट्टा आला तोवर तणस पावसात भिजून काळी पडली होती. त्या यंत्राची क्षमता ताशी किती, हा प्रश्नच मग उरत नाही.

म्हणून यंत्र बघायला गेलो तेव्हा मी मिस्त्रीला सोबत नेले. त्याने विक्रेत्याकडून सुट्या भागांचे पुस्तक मागून घेतले आणि रुळांच्या टोकांची बेरिंगे कोणती हे पाहिले. ६२०५, ६२०६ अशा नंबरांची बेरिंगे कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतात. पंपाच्या मोटारीत, थ्रेशरमध्ये, गिरणीतही हीच असतात. साखळ्या नेहमीच्या पिचच्या आहेत का, तुटली तर नुसती कडी टाकून जोडता येईल का, तेही बघितले. एका यंत्रात बेरिंग कंपनीच्या खास मापाचे निघाले. दिसायला तेच यंत्र जास्त देखणे होते, रंगही झकास. मिस्त्रीने पुस्तक मिटून परत दिले आणि आम्ही तिथून निघालो.

शेवटी घेतला तो रुळांचा लहान बेलर. गठ्ठा ७० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर व्यासाचा, वजन तणस किती वाळली आहे त्यावर १८ ते २० किलो. वजनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशातल्या गोल गठ्ठ्याचे वजन दोनशे किलोपासून पुढे असते. तो हलवायला ट्रॅक्टरला पुढे लोडर हवा, आणि उतारावरून सुटला तर माणूस चिरडतो. आमचा गठ्ठा घरातली बाई उचलून गव्हाणीपर्यंत नेऊ शकते. जनावरांचे चारापाणी बघणारी तीच असते, तेव्हा यंत्र घेताना तिला विचारल्याशिवाय माप ठरवू नये.

असे लहान गठ्ठे ही काही नवी कल्पना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या उमो ल्युबेन याने गोल गठ्ठा बांधणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने ते विकत घेऊन १९४७ मध्ये रोटो-बेलर बाजारात आणला. त्याचे गठ्ठेही लहान, एका माणसाला उचलता येणारे होते. माणूस मिळेनासा झाला तेव्हा तिकडे गठ्ठा मोठा करण्याकडे कल गेला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा राज्यातल्या गॅरी व्हर्मीर यांनी आजचा अवजड गोल गठ्ठा आणला. तिकडच्या शेतीला तो सोयीचा. आपल्या सात एकरांना आणि तीन-चार गाईंना जुनेच माप बरे.

यंत्र सांभाळण्याचे खरे काम रुळांच्या टोकाशी आहे. दिवसभर चालल्यावर बाजूचे झाकण उघडावे आणि आत बघावे. रूळ जिथे बेरिंगमध्ये शिरतो तिथे तणसीचा एकेक धागा शिरून शाफ्टला गुंडाळला जातो. आधी तो केसाइतका बारीक असतो, मग त्याची दोरी होते. ती फिरून फिरून इतकी घट्ट बसते की हाताने निघत नाही, वाकड्या टोकाच्या सुरीने कापून काढावी लागते. ही दोरी बेरिंगचे सील खाते, सील गेले की धूळ आत जाते, ग्रीस कोरडे पडते आणि बेरिंग तापते. तापलेल्या बेरिंगशेजारी वाळलेली तणस आणि भुसा. आग लागायला आणखी काय हवे? म्हणून ट्रॅक्टर बंद करून, सगळे थांबल्यावर, मी प्रत्येक बेरिंगच्या घराजवळ हाताची पाठ नेऊन बघतो. एक जरी इतरांपेक्षा जास्त गरम लागले तरी दुसऱ्या दिवशी ते बदलल्याशिवाय यंत्र बांधीत नेत नाही. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅनही कायम असतो.

धानाच्या तणसीत सिलिका भरपूर असते, ती लोखंडही झिजवते. तणस उचलणारे स्प्रिंगचे दाते त्यामुळे लवकर पातळ होतात, आणि धुऱ्याला अडकले तर मोडतात. दाते खूप खाली ठेवले की माती उचलली जाते; ती माती साखळ्यांत जाते, गठ्ठ्यात जाते आणि शेवटी गाईच्या पोटात. आम्ही दाते जमिनीपासून थोडे वर ठेवतो. खाली थोडी तणस राहते, राहू द्यावी. सगळीच ओढून नेली तर मातीला काय परत देणार? हार्वेस्टरने उभे ठेवलेले खुंट आणि ही उरलेली तणस नांगरटीत गाडली की पालाशाचा काही भाग शेतातच राहतो.

सुतळीचा खर्च पुष्कळ जण हिशेबात धरत नाहीत. ५० सेंटिमीटर व्यासाच्या गठ्ठ्याला एका वेढ्याला दीड मीटरच्या वर सुतळी लागते. आठ-नऊ वेढे म्हणजे १३-१४ मीटर. आमच्याकडे एकरी ४०-४५ गठ्ठे निघतात, म्हणजे एकराला सहाशे मीटरच्या आसपास सुतळी गेली. ती तागाचीच घ्यावी. प्लास्टिकची स्वस्त पडते, मजबूतही असते, पण तिचा तुकडा वैरणीतून गाईच्या पोटात गेला की तो पचत नाही, कोठीपोटात साठत जातो. कुट्टी करायच्या आधी तागाची सुतळीही काढूनच टाकावी. सुतळी जाड-बारीक असेल तर वेढ्यांत अडकते, तेव्हा एकसारख्या जाडीची बघून घ्यावी.

ट्रॅक्टरचे दोन प्रश्न आधीच सोडवून ठेवावेत. एक, पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर यंत्र चालवायला ट्रॅक्टरची ताकद पुरते का. लहान गोल बेलरला ३५ एचपी पुरते, पण तणस ओली असेल किंवा तिचा पट्टा जाड पडला असेल तर पहिला लो गिअरच बरा. दुसरा, मागचे दार उघडायला हायड्रॉलिकचा बाहेरचा व्हॉल्व्ह लागतो. आपल्याकडच्या कितीतरी लहान ट्रॅक्टरांना तो नसतो, वेगळा बसवावा लागतो. विक्रेता हे आपणहून सांगत नाही. पीटीओच्या शाफ्टमध्ये एक कमजोर बोल्ट मुद्दाम दिलेला असतो; आत तणस तुंबली की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचते. तो सारखा तुटतो म्हणून काही जण तिथे कडक पोलादाचा बोल्ट घालतात. मग पुढच्या वेळी गिअरबॉक्स जाते. दहा-वीस रुपयांचे तेच बोल्ट पिशवीत भरून ठेवावेत.

सरकारी अनुदानाबद्दल थोडक्यात. कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात बेलर येतो. अर्ज महाडीबीटीवर करायचा. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना मर्यादेच्या आत ५० टक्के, इतरांना ४० टक्के. पूर्वसंमती हाती पडण्याआधी यंत्र घेतले तर अनुदान मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. अनुदानासाठी यंत्राची अधिकृत केंद्रावर चाचणी झालेली लागते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेसारख्या ठिकाणी ती होते. तो चाचणी अहवाल मागावा आणि वाचावा. डिझेल किती लागले, चाचणीत कोणते भाग झिजले, कुठे मोडतोड झाली, हे त्यात लिहिलेले असते. माहितीपत्रकात या गोष्टी सापडत नाहीत.

गठ्ठे ठेवण्याचाही विचार यंत्राबरोबरच करावा. गोल गठ्ठ्यावरून पाणी ओघळते, तो उघड्यावर चालतो, असे सांगणारे भेटतात. मोठ्या गठ्ठ्यांपुरते त्यात तथ्य असेल. लहान गठ्ठ्याचे गणित निराळे आहे. बाहेरचा फक्त ५ सेंटिमीटरचा थर कुजला तरी १२० सेंटिमीटर व्यासाच्या गठ्ठ्यातला १६ टक्के माल जातो. ५० सेंटिमीटरच्या गठ्ठ्यातला ३६ टक्के. आमच्या जिल्ह्यातला पाऊस पाहता लहान गठ्ठ्यांना छप्पर हवेच, आणि खाली लाकडी ओंडके किंवा विटा टाकून जमिनीपासून उचललेलेही हवेत. यंत्रात जाणारी तणस मुठीत पिळून बघावी. कडकडा मोडली तर ठीक, नुसती वाकली तर आणखी एक ऊन द्यावे. उन्हाळी धानाची तणस भर दुपारी इतकी ठिसूळ होते की यंत्रात तिचा चुरा होतो. तेव्हा सकाळच्या वेळीच काम उरकावे.

ज्या बांध्यांत उभ्या धानात लाखोळी फेकली असेल तिथे बेलर नेऊ नये. धान निघेपर्यंत लाखोळीची रोपे वर आलेली असतात, ट्रॅक्टरच्या चाकांखाली ती जातात. त्या बांध्यांतला धान आम्ही अजूनही विळ्यानेच कापतो. लाखोळीची डाळ आणि तिचे कुटार दोन्ही घरचे मिळतात, यंत्रासाठी ते सोडण्यात शहाणपण नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. तणस तुंबली की हात पुढे जातो, कारण तुंबलेली तणस डोळ्यांसमोर असते आणि ओढली की निघेल असे वाटते. चालू यंत्र ती तणस माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा कितीतरी वेगाने आत खेचते, हात सोडायला वेळच मिळत नाही. जगभर गोल बेलरचे कित्येक वाईट अपघात याच प्रकाराने झाले आहेत. आमच्याकडे गळ्यात दुपट्टा असतो, तो पीटीओच्या शाफ्टला लागला तर काय होईल हे सांगायला नको. पीटीओ बंद, ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, आणि सगळे फिरायचे थांबल्यावरच झाकण उघडायचे. मागचे दार उचलून आत हात घालायचा असेल तर सिलिंडरचे लॉक लावल्याशिवाय नाही. पोरे गठ्ठे पडताना बघायला धावत येतात, त्यांना धुऱ्याच्या पलीकडेच थांबवावे.

सात एकरांच्या तणसीवर हे यंत्र एकट्याला परवडत नाही. आम्ही तिघे शेजारी मिळून ते घेतले, आपापली तणस काढून झाल्यावर गावातल्यांना भाड्याने देतो, आणि भाड्यातून सुतळी, दाते, बेरिंगे निघतात. ज्यांच्याकडे पाच-सहा एकर आहेत त्यांनी एकट्याने कर्ज काढून बेलर घेऊ नये. गावात आधीच एखादा असेल तर भाड्यानेच चालवावा. नसेल तर तिघाचौघांनी मिळून घ्यावा, आणि ग्रीस कोण करणार, साखळीला तेल कोण देणार, त्या एका माणसाचे नाव पैसे भरण्याआधी ठरवून टाकावे. आमच्यात ते काम माझ्याकडे आहे.